पूर्व भागातलं तेलुगू कपाट : एका निर्लेखनाचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाने ठराव केला की पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाकायची. ठरावात वावगं काही नव्हतं. मागच्या खोलीची भिंत पावसाळ्यात ओल धरते, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बसायला जागा पुरत नाही, आणि वार्षिक तपासणी तोंडावर आलेली. संगणकावरून यादी काढली तेव्हा बाद होणाऱ्यांत सगळ्यात मोठा गठ्ठा एकाच लेखिकेचा निघाला : यद्दनपूडी सुलोचना राणी. दोन लोखंडी कपाटं तेलुगू कादंबऱ्यांची, त्यातला मोठा भाग त्यांचा, आणि देवघेवीच्या रकान्यात सगळीकडे शून्य.

ग्रंथपाल मॅडमना हे शून्य पटेना. त्या कपाटाची किल्ली मागायला बायका येतात हे त्या स्वतः बघत होत्या. पण कार्यकारिणीपुढे ‘मी बघते ना’ एवढं म्हणून भागत नाही, कागद लागतो. ग्रंथालयशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि निर्लेखन हा माझा जुना खाजवायचा विषय, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. वाचनालयाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम देत नाही. असा प्रकार महाराष्ट्रातल्या कितीतरी वाचनालयांत होत असणार.

आधी लेखिका कोण ते सांगायला हवं, कारण कार्यकारिणीतल्या निम्म्या सभासदांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. तेलुगू येणाऱ्या उरलेल्या निम्म्यांनी ते आपापल्या आईच्या तोंडून ऐकलं होतं.

सुलोचना राणी कृष्णा जिल्ह्यातल्या काजा गावच्या. लिहायला लागल्या त्या लहान वयात, कथांपासून. १९६० च्या दशकात ‘ज्योती’ मासिकातून त्यांची ‘सेक्रेटरी’ ही कादंबरी क्रमशः आली आणि तेलुगू घरांत एकच गडबड उडाली. नायिका जयंती साध्या घरातली, नोकरी करणारी आणि स्वाभिमानाला जपणारी. नायक राजशेखरम् श्रीमंत, रुबाबदार आणि तिचा मालक. दोघांत ओढ, गैरसमज, ताटातूट आणि शेवटी जुळणं. आज हा साचा कुणालाही तोंडपाठ वाटेल. पण तेव्हा मुलीने ऑफिसात नोकरी करणं हीच मध्यमवर्गीय घरात वादाची गोष्ट होती, आणि इथे तर नोकरदार मुलगीच नायिका झालेली.

त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. साप्ताहिकं आणि मासिकं त्यांच्या क्रमशः कादंबऱ्यांवर अंक खपवत. कादंबरी संपली की पुस्तक निघे आणि पुस्तक गाजलं की सिनेमा. ‘मीना’ १९७३ मध्ये पडद्यावर आली. दिग्दर्शन विजयनिर्मला यांचं होतं, म्हणजे बाईने लिहिलेली गोष्ट बाईनेच पडद्यावर आणली. त्याच वर्षी ‘जीवन तरंगालु’, मग १९७६ मध्ये ‘सेक्रेटरी’, १९८१ मध्ये ‘अग्निपूलु’. तो काळच तेलुगूत लेखिकांचा होता. त्यांच्या कादंबऱ्यांना इतका खप होता की काही पुरुष लेखक बाईचं टोपणनाव घेऊन लिहीत. (मराठीत असं कधी घडलं असतं का, याचा विचार करून बघा.) सुलोचना राणींना लोक कादंबरीच्या देशाची राणी म्हणत. २१ मे २०१८ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनो इथे त्या गेल्या. त्याच्या दोनच वर्षं आधी ‘अ आ’ हा तेलुगू सिनेमा आला, तेव्हा त्याची गोष्ट ‘मीना’वरूनच आली आहे अशी चर्चा झाली होती. म्हणजे चार दशकं उलटून गेल्यावरही गोष्ट चलनात होती.

ही पुस्तकं सोलापुरात कशी, हा प्रश्न सोलापूरबाहेरचाच माणूस विचारेल. गिरण्या, हातमाग आणि नंतर यंत्रमागांच्या आधाराने तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. पूर्व भागात अजूनही घरात तेलुगू आणि दारात मराठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाची मिरवणूक निघते, नवरात्रात बतुकम्मा मांडतात. पुरुष मागावर आणि बायका विड्यांवर, अशी घराघरातली वाटणी. त्या विड्या वळणाऱ्या बायका या दोन कपाटांच्या वाचक.

आता शून्याकडे येऊ.

पहिलं काम केलं ते म्हणजे संगणक बाजूला ठेवून पुस्तकं हातात घेतली. जुन्या पद्धतीच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते आणि पुस्तक बाहेर जाताना तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का पडतो. तेलुगू कपाटातली पुस्तकं काढत गेलो तेव्हा चिठ्ठ्या शिक्क्यांनी भरलेल्या निघाल्या. काहींवर एकावर एक दोन-दोन चिठ्ठ्या डकवलेल्या. आणि सगळ्या चिठ्ठ्या एकाच सुमाराला थांबलेल्या : वाचनालयाचं संगणकीकरण झालं तेव्हा.

गुंता तिथे होता. नव्या प्रणालीत पुस्तक द्यायचं तर दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीत त्या प्रतीला दिलेला क्रमांक, टाकावा लागतो, आणि मग पडद्यावर आलेलं नाव हातातल्या पुस्तकाशी ताडून बघायचं असतं. देवघेवीला बसणाऱ्या मुलाला तेलुगू लिपी येत नव्हती. त्यात दाखल नोंदवहीतल्या तेलुगू नोंदी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लेखनिकांनी कानाला ऐकू येईल तशा देवनागरीत केलेल्या. एकच ‘सेक्रेटरी’ कुठे ‘सेक्रेट्री’, कुठे ‘सेक्रेटरी (तेलगू)’, तर एका ठिकाणी नुसतं ‘यद्दनपूडी, कादंबरी’. ‘जीवन तरंगालु’ची गत त्याहून वाईट. पुस्तकाच्या कण्यावर लिहिलेला क्रमांक बऱ्याच ठिकाणी पुसून गेलेला. पोराने व्यवहारी तोडगा काढला : काउंटरवरच्या वहीत सभासदाच्या नावापुढे ‘तेलगू १’ किंवा ‘तेलगू २’ असं लिहायचं, पुस्तक परत आलं की काट मारायची. एकही पुस्तक हरवलं नाही आणि एकही नोंद संगणकात गेली नाही.

त्या वह्या ग्रंथपाल मॅडमनी जपून ठेवल्या होत्या, हे वाचनालयाचं नशीब. त्या पोरालाही मी दोष देणार नाही. त्याला जे येत नव्हतं त्यावर त्याने मार्ग काढला. दोष असेलच तर तो संगणकीकरणाचं काम पुस्तकामागे ठरावीक पैसे या हिशेबाने देण्याच्या पद्धतीत आहे. तिथे ‘इतर भाषा’ हा रकाना भरला की काम संपतं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात मराठी कादंबरीला 891.463 आणि तेलुगू साहित्याला 894.827 हे क्रमांक तयार आहेत. इथे दोन्ही कपाटांना मिळून एकच शिक्का होता, ‘इतर’.

तपासणीत आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती कुठल्याच वहीत नव्हती.

निर्लेखनाच्या यादीत कारणाचा रकाना असतो : जीर्ण, वाळवी लागलेले, पाने गहाळ, डागाळलेले. सुलोचना राणींच्या बऱ्याच पुस्तकांपुढे ‘डागाळलेले’ असं लिहिलं होतं. मी डाग बघितले. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर, अंगठ्याएवढे, तपकिरी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच जागी. ओलीचा डाग असा पडत नाही, तो वरून किंवा कडेने पसरत येतो. नाकाशी नेलं तर इतक्या वर्षांनीही उग्र वास यायचा. तंबाखू.

मॅडम म्हणाल्या, “चला सर, दाखवते.” दोन गल्ल्या पलीकडे एका अक्कांकडे गेलो. सत्तरी उलटलेल्या, वाचनालयाच्या फार जुन्या सभासद. ओसरीवर मांडीत सूप, सुपात तंबाखू, शेजारी फडक्यात गुंडाळलेली भिजवलेली पानं. फर्म्यावर पान ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हात एका लयीत चाललेले आणि त्यांच्याकडे अक्कांचं लक्षही नाही. समोर पाटावर कादंबरी उघडी, वरच्या बाजूला पानं उडू नयेत म्हणून दुसरी कात्री आडवी. अक्का मोठ्याने वाचत होत्या. आजूबाजूला आपापली सुपं घेऊन शेजारणी बसलेल्या. पान उलटायची वेळ आली की अक्का हात न पुसताच अंगठ्याने उलटत.

“ह्या सगळ्याजणींना वाचता येत नाही का?” मी विचारलं.

“बोलायला येतं की सगळ्यांना. वाचायला आम्हा दोघींनाच. ह्या पोरी मराठी शाळेत गेल्या, त्यांना अक्षर कुठलं येणार,” अक्का म्हणाल्या. मग सुनेकडे मान करून, “हिला विचारा, गोष्ट सगळी पाठ आहे, पण पुस्तक उलटं दिलं तरी कळणार नाही.” सून हसली, हात थांबले नाहीत.

थोड्या वेळाने अक्काच म्हणाल्या की पुस्तकातली तेलुगू ‘तिकडची’ आहे. कृष्णा काठची छापील भाषा वेगळी आणि पूर्व भागातली, तेलंगणाच्या वळणाची, मराठी-उर्दू मिसळलेली बोली वेगळी. त्यामुळे वाचताना त्या अडलेलं वाक्य जागच्या जागी घरच्या बोलीत सांगून पुढे जातात. म्हणजे एका सभासदाच्या खात्यावर गेलेलं एक पुस्तक निदान पाच-सहाजणी ‘वाचत’ होत्या, आणि त्याची नोंद संगणकात शून्य, वहीत ‘तेलगू १’.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आमच्याकडे परीक्षेपुरते सगळे पाठ करतात. ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हा तिसरा. त्यात वाचकाला अक्षरओळख हवीच अशी अट कुठे आहे?

हे सगळं घेऊन कार्यकारिणीपुढे गेलो. आकड्यांचा मुद्दा लगेच मान्य झाला, काउंटरच्या वह्या बघून कुणी वाद घातला नाही. खरा वाद झाला तो दर्जावर. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, वाचनालय शासनाच्या परिरक्षण अनुदानावर चालतं, लोकांच्या पैशातून श्रीमंत नायक आणि रुसलेल्या नायिका का सांभाळायच्या? आणि मग एवढीच पुस्ती : “हाच न्याय लावायचा तर आपल्या काकोडकरांची पुस्तकंही ठेवावी लागतील.” शेजारचं कपाट चंद्रकांत काकोडकरांचंच होतं आणि तेही यादीत होतं.

गृहस्थांनी चिमटा म्हणून काढलेला विषय खरं तर फार कामाचा निघाला. काकोडकरही भरपूर लिहिणारे आणि प्रेमकथांवर जगलेले. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. पुण्याच्या न्यायालयात सुटका, मग उच्च न्यायालयात पंचवीस रुपये दंड, आणि तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. १९६९ मध्ये तिथे ते निर्दोष सुटले. निकालातला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे : कथेत लैंगिक उल्लेख आला एवढ्यावरून ती अश्लील ठरवायची, तर तरुणांना धार्मिक पुस्तकांखेरीज वाचायला काही उरणार नाही. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा पडद्यावर आला. एकाच वर्षी एका हाताला कोर्टाचा निकाल आणि दुसऱ्या हाताला राजेश खन्नाचा हिट सिनेमा, असा मराठी लेखक दुसरा मला तरी आठवत नाही. पण घरात ही पुस्तकं उशीखाली असायची. तिकडे सुलोचना राणी मासिकातून घरच्या सगळ्यांसमोर वाचल्या जात होत्या. दोघेही प्रेमकथा लिहिणारे, पण एकाचं वाचन चोरून आणि दुसरीचं ओसरीवर, मोठ्याने.

दर्जाबद्दल माझं मत मी तिथे सांगितलं, इथेही सांगतो. आक्षेप निम्मा खरा आहे. सुलोचना राणींचे नायक एकमेकांच्या कपड्यांत घातले तरी ओळखू येणार नाहीत, आणि गरीब घरच्या मुलीचा प्रश्न शेवटी श्रीमंत नवऱ्याने सुटतो हे स्वप्न काही निरुपद्रवी नाही. पण वाचनालय म्हणजे पुरस्कार समिती नव्हे. दिवसभर विड्यांच्या हजारीवर मजुरी मोजली जाणाऱ्या बाईने नोकरी करणाऱ्या जयंतीचा स्वाभिमान ऐकत बसावं, यात मला तरी काही हलकं दिसत नाही.

मग व्यवहारी प्रश्न आला, आणि तो खजिनदारांनी बरोबर विचारला : “ठीक आहे, ठेवू. पण एकाच बाईंची एवढी? निवडक पाच ठेवा, बाकीची काढा.”

भरपूर लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत ही सूचना सगळीकडे येते आणि वरवर शहाणपणाची वाटते. ती चुकीची आहे. असा लेखक वाचणारा माणूस ‘श्रेष्ठ पाच’ वाचत नाही, तो लेखक वाचतो. एक संपलं की दुसरं, तेही न वाचलेलं. बऱ्याच पुस्तकांच्या शेवटच्या पानावर शाईच्या बारीक खुणा होत्या : कुठे फुली, कुठे टिकली, कुठे छोटा त्रिकोण. प्रत्येकीची खूण वेगळी. नावं आणि गोष्टी एकमेकींत मिसळतात, म्हणून ‘हे माझं वाचून झालं’ हे कळायला बायकांनी केलेली सोय ती. ज्या कपाटात पाचच पुस्तकं आहेत तिथे ती बाई महिन्याभरात सगळ्यांवर आपली टिकली बघेल आणि यायची बंद होईल. सगळं कपाट मिळून एकच लांबलचक पुस्तक आहे असं धरून निर्णय घ्यायचा, असं मी म्हटलं. शीर्षकं सगळी ठेवा, प्रती कमी करा.

तसंच झालं. ‘सेक्रेटरी’च्या जास्तीच्या प्रती काढल्या, सगळ्यात धड ती ठेवली. पानं गहाळ असलेल्या आणि बाजारात नवी आवृत्ती सहज मिळणाऱ्या कादंबऱ्या बाद केल्या. ‘डागाळलेले’ हे कारण यादीतून पूर्ण काढून टाकलं. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. कपाटाच्या तळाशी मासिकांतून कापलेली क्रमशः प्रकरणं घरी दाभणाने शिवून केलेले काही खंड होते, कधीतरी कुणीतरी देणगी दिलेले. कागद पिवळा पडून ठिसूळ झालेला, कडा हाताला लागून सुटतात. पानाच्या पाठीला साबणाच्या आणि साड्यांच्या जाहिराती. त्यांना दाखल क्रमांकच नसल्याने ते नियमाने ‘पुस्तक’च नव्हते आणि पहिल्या दिवशीच रद्दीत जायचे होते. छापील कादंबरी उद्या पुन्हा मिळेल, हे पुन्हा मिळणार नाही. त्यांची नोंद करून ते संदर्भ विभागात ठेवले, घरी देत नाहीत.

नोंदींचं काम पूर्व भागातल्याच एका निवृत्त तेलुगू शिक्षकांनी केलं. प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर दोन लिपींत नाव आणि ठळक दाखल क्रमांक. आता काउंटरच्या पोराला लिपी आली नाही तरी चालतं.

ग्रंथपाल मॅडमनी यापुढे जाऊन वाचनालयातच सामूहिक वाचनाचा तास ठेवला, दुपारी. तो साफ पडला. दुपार म्हणजे कारखान्यात विड्या द्यायची आणि उद्याची पानं-तंबाखू घ्यायची धावपळ. शिवाय वाचनालयात सूप घेऊन बसता येत नाही, आणि हात रिकामे ठेवून नुसतं ऐकत बसायला मजुरीवरच्या बाईला परवडत नाही. तास बंद करून त्यांनी नियम बदलला : जी सभासद इतरांना वाचून दाखवते तिला एका वेळी जास्त पुस्तकं, आणि परत करताना किती जणींनी ऐकलं हे विचारून वेगळ्या वहीत लिहायचं. ऐकणाऱ्यांची वही मी दुसऱ्या कुठल्या वाचनालयात पाहिलेली नाही. तपासणीत ती ग्राह्य धरतील का, हा भाग वेगळा.

पण एक गोष्ट कार्यकारिणीला मी स्पष्ट सांगितली. दुरुस्त केलेले आकडे शून्यावरून वर आले तरी ते चढणारे नाहीत. तेलुगू वाचू शकणाऱ्या बायका साठीच्या पुढच्या आहेत. अक्कांची नात विड्या वळत नाही, ती एका दुकानात कामाला जाते. तिला मी विचारलं, तर तिने मोबाइल दाखवला. त्यावर तेलुगू कादंबऱ्यांचं वाचन ऐकायला मिळतं, ती बसमध्ये ऐकते. सुलोचना राणींचंही ऐकलंय म्हणाली. तिला गोष्ट हवी आहे, वाचनालय नको आहे. पुढे तेलुगू कपाटातली खरेदी करायची की आहे ते सांभाळत राहायचं, यावर माझा सल्ला सांभाळण्याचा होता. खजिनदारांना तो लगेच पटला, त्यांच्या कारणाने.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांची जागा शेवटी निघाली ती दुसरीकडून. जुन्या शासकीय अहवालांचे आणि कालबाह्य गाइडांचे गठ्ठे बघितले तर त्यांनी तेलुगू कपाटांच्या दुप्पट जागा अडवली होती. पाच वर्षांत तेही बाहेर गेले नव्हते, फक्त ‘संदर्भ’ असा शिक्का असल्यामुळे यादीत आले नव्हते. ते काढले. काकोडकरांच्या कपाटावर निर्णय झालेला नाही. तिथे चिठ्ठ्यांवरचे शिक्के संगणकाच्या बरेच आधी थांबलेले आहेत, आणि त्याचं कारण शोधायचं काम मॅडमनी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलं आहे.